तीन तारे म्हणजे वाईट नव्हे: वर्तमानपत्रातले समीक्षक नव्या अल्बमला मार्क कसे देतात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आत्ता लोकलमध्ये उभे आहेत आणि हेडफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना मध्येमध्ये आलेले 'अं' आणि 'म्हणजे कसं' काढून टाकलेत. बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून आला. त्याने विचारलं, "दादा, एका परदेशी पेपरने माझ्या आवडत्या अल्बमला पाचपैकी तीनच स्टार दिलेत. हे लोक ठरवतात कसं? काही फॉर्म्युला असतो का?"

प्रश्न मला फार आवडला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या कामात रेटिंग म्हणजे डेटाबेसमधला एक रकाना. आकडा घ्या, सरासरी काढा, स्क्रीनवर पिवळे तारे दाखवा, झालं. पण अल्बमच्या बाबतीत त्या आकड्यामागे एक माणूस बसलेला असतो. त्याला डेडलाइन असते, शब्दमर्यादा असते आणि पाठीमागे एक संपादक असतो. म्हणून आज पूर्ण प्रवास बघू. अल्बम निवडला जातो तिथपासून तो आकडा तुमच्या फोनवर येतो तिथपर्यंत. उदाहरणं बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतली असतील, कारण अल्बमला दर आठवड्याला मार्क द्यायची पद्धत तिकडेच रुजली. आपल्याकडे काय आहे तेही शेवटी बोलू.

पहिली चाळणी: कोणता अल्बम घ्यायचा?

१० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येऊ लागले. त्याआधी इंग्लंडमध्ये सोमवार आणि अमेरिकेत मंगळवार असायचा. आता एका शुक्रवारी किती अल्बम येतात याची मोजदाद कोणी करू शकणार नाही. पण वर्तमानपत्रात जागा तेवढीच. समजा, एक मोठा रिव्ह्यू आणि चार-पाच छोटे. लंडनच्या 'द गार्डियन'मध्ये ॲलेक्सिस पेट्रिडिस हे मुख्य समीक्षक आठवड्याचा एक अल्बम घेऊन सविस्तर लिहितात. बाकीचे अल्बम थोडक्यात उरकले जातात.

म्हणजे पहिला निर्णय तारे देण्याचा नसतोच. पहिला निर्णय असतो कोणावर लिहायचं हा. यात एक गोष्ट लक्षात ठेवा. नवखा कलाकार असेल आणि अल्बम सुमार असेल, तर पेपर बहुतेक वेळा लिहीतच नाही. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला जाहीर झोडपून वाचकाचा काय फायदा? याउलट मोठ्या नावाचा अल्बम चांगला असो वा वाईट, त्यावर लिहावंच लागतं, कारण वाचक ते शोधत येतात. म्हणून छापून येणारे मार्क एकंदरीत वरच्या बाजूला झुकलेले दिसतात. वर्गातली नापास होणारी मुलं परीक्षेला बसलीच नाहीत, तर वर्गाची सरासरी छान येणारच ना!

अल्बम समीक्षकाच्या हातात कसा पडतो?

पूर्वी रेकॉर्ड कंपनी आगाऊ कॅसेट किंवा सीडी पाठवायची. आता एक खाजगी लिंक येते. त्या फाइलमध्ये वॉटरमार्क असतो, म्हणजे गाणं फुटलं तर कोणाच्या कॉपीतून फुटलं ते कळावं. सोबत एम्बार्गो असतो. अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत रिव्ह्यू छापायचा नाही, अशी अट. फारच मोठं नाव असेल तर लिंकसुद्धा मिळत नाही. कंपनीच्या ऑफिसात बोलावतात, फोन बाहेर ठेवायला लावतात आणि एकदा अल्बम ऐकवतात. त्या एका ऐकण्यावर लिहा.

यामुळे काय होऊ शकतं त्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ओएसिस या ब्रिटिश बँडचा 'बी हिअर नाऊ'. ऑगस्ट १९९७. त्याआधीच्या, १९९५ च्या अल्बमला बऱ्याच समीक्षकांनी बेताचेच मार्क दिले होते आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला होता. त्यामुळे समीक्षकांची पंचाईत झालेली. नव्या अल्बमच्या वेळी बँडच्या व्यवस्थापनाने कॉपी देताना पत्रकारांकडून कडक अटींच्या कागदांवर सह्या घेतल्या. वातावरण एवढं तापलं की रिव्ह्यू आले ते जवळपास आरत्याच होत्या. पहिल्या दिवशी ब्रिटनमध्ये चार लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या. आणि मग काही महिन्यांत लोकांना कळलं की ७१ मिनिटांचा हा अल्बम जरा जास्तच लांबलाय, एकावर एक गिटार चढवून गाणी जड झाली आहेत. पुढे खुद्द नोएल गॅलाघर, ज्याने ती गाणी लिहिली, तोही त्या अल्बमला नावं ठेवू लागला.

म्हणजे बघा, मागच्या वेळी कमी मार्क दिले म्हणून या वेळी जास्त दिले गेले. अल्बम तोच, पण मार्कांमध्ये मागच्या परीक्षेची भीती मिसळलेली.

दुसरं टोक म्हणजे बियॉन्से. १३ डिसेंबर २०१३ ला तिने कुठलीही आगाऊ जाहिरात न करता १४ गाणी आणि १७ व्हिडिओ असलेला अल्बम थेट आयट्यून्सवर टाकला. ना लिंक, ना एम्बार्गो. समीक्षक आणि चाहते एकाच वेळी ऐकायला बसले. तोपर्यंत समीक्षकाकडे निदान काही दिवसांची आघाडी असायची, ती त्या दिवशी उरली नाही. काही तासांत मत द्या, नाहीतर जग पुढे गेलेलं असणार. चार वेळा ऐकून उलगडणारा अल्बम आणि पहिल्याच फटक्यात आवडणारा अल्बम, या दोघांत अशा घाईत कोणाचा फायदा होतो ते तुम्हीच ओळखा.

समीक्षक नेमकं ऐकतो काय?

फॉर्म्युला नाही, हे आधीच सांगून टाकतो. गायनाला २०, शब्दांना २०, संगीत संयोजनाला २० अशी मार्कलिस्ट कोणी बनवत नाही. पण चांगल्या रिव्ह्यूंमध्ये काही प्रश्न पुन्हा पुन्हा सापडतात.

पहिला: या कलाकाराला करायचं काय होतं? लग्नात नाचायला केलेल्या अल्बमला 'यात गांभीर्य नाही' म्हणणं म्हणजे मिसळीत गोडवा नाही अशी तक्रार करण्यासारखं आहे.

दुसरा: ते जमलं का? आवाज, शब्द, वाद्यं, मिक्सिंग हे सगळं इथे येतं. नुसतं 'प्रॉडक्शन भारी' म्हणून चालत नाही. कुठे भारी, ते सांगावं लागतं.

तिसरा: आधीच्या कामाच्या तुलनेत हे कुठे आहे? कलाकार पुढे सरकला की जुनंच दळण दळतोय?

चौथा: अल्बम म्हणून तो उभा राहतो का? सुटी दहा गाणी चांगली असणं वेगळं आणि त्यांचा क्रम लावून एक गोष्ट तयार होणं वेगळं. आपण प्लेलिस्ट शफलवर ऐकणारी पिढी, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला सहसा पडतच नाही.

आणि पाचवा, जो सगळ्यात अवघड आहे: करायचं होतं ते जमलं, पण ते करण्यासारखं होतं का?

पाचव्या प्रश्नात समीक्षकाची स्वतःची आवड डोकावते आणि तिथेच भांडणं होतात. ३१ ऑक्टोबर २००४ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये केलेफा सॅने या समीक्षकाने एक लेख लिहिला. मुद्दा असा की रॉक ऐकत मोठे झालेले समीक्षक सगळ्याच संगीताला रॉकच्या मापाने मोजतात. स्वतः गाणं लिहिणारा, गिटार वाजवणारा तो 'खरा' कलाकार. डिस्को, हिपहॉप, पॉप, मशीनवर बनलेलं संगीत म्हणजे 'नकली'. हे माप कोणी ठरवलं, असं त्याने विचारलं. त्या लेखानंतर पॉपकडे बघायची समीक्षकांची नजर बदलू लागली. आज टेलर स्विफ्टच्या अल्बमवर मोठे पेपर गंभीरपणे दोन हजार शब्द लिहितात, त्यामागे हीच चर्चा आहे. आता उलटी तक्रार ऐकू येते की समीक्षक मोठ्या पॉप स्टारना फारच सांभाळून घेतात.

तारे, अक्षरं आणि दशांश

आता मार्कांच्या पद्धतींकडे येऊ.

ब्रिटिश पेपरांमध्ये पाच ताऱ्यांची पद्धत आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स' अल्बमला तारे देतच नाही. तिथे लेख वाचूनच मत काढायचं. आणि न्यूयॉर्कच्याच 'द व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिक वर्तमानपत्रात रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांनी १९६९ मध्ये 'कन्झ्यूमर गाइड' नावाचं सदर सुरू केलं. त्यात प्रत्येक अल्बमवर एक छोटा परिच्छेद आणि शाळेसारखं अक्षर असायचं: ए प्लस, बी मायनस, सी प्लस. नाव बघा, ग्राहक मार्गदर्शिका. कारण तेव्हा रेकॉर्ड विकत घ्यावी लागायची. महिन्याच्या बजेटमध्ये एक-दोनच बसणार, तर कुठली घेऊ? त्या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

कलाकारांना हे किती झोंबायचं त्याचा एक किस्सा. लू रीड या गायकाने १९७८ च्या आपल्या लाइव्ह अल्बममध्ये गाण्याच्या मध्येच ख्रिस्टगाऊ यांना शिव्या घातल्या. रेकॉर्डवर आहेत त्या. ख्रिस्टगाऊ यांनी त्या अल्बमचा रिव्ह्यू लिहिला, आपलं नाव नीट उच्चारल्याबद्दल लू रीडचे आभार मानले आणि मार्क दिले: सी प्लस!

याच पेपरने समीक्षकांचं एक वार्षिक मतदानही चालवलं, 'पॅझ अँड जॉप' नावाचं. इंजिनिअर म्हणून मला त्याची रचना फार आवडते. प्रत्येक समीक्षकाला १०० गुण मिळायचे आणि ते दहा अल्बमांमध्ये वाटायचे. एका अल्बमला जास्तीत जास्त ३०, कमीत कमी ५. म्हणजे सगळ्यांना छान छान म्हणायची सोयच नाही. एकाला जास्त द्यायचे तर दुसऱ्याचे कापावे लागणार. आपल्या ॲपवरच्या ताऱ्यांना असा काही खर्च नसतो. फुकट आहेत, वाटा कितीही.

मग इंटरनेट आलं आणि 'पिचफोर्क' या साइटने ०.० ते १०.० अशी दशांशाची पट्टी आणली. ७.४ आणि ७.५ मध्ये नक्की फरक काय, हे कोणीच सांगू शकत नाही. पण आकडा अचूक दिसतो म्हणून खरा वाटतो. २००४ मध्ये ट्रॅव्हिस मॉरिसन या गायकाच्या पहिल्या सोलो अल्बमला त्यांनी ०.० दिले. त्यानंतर काही रेडिओ स्टेशनांनी आणि दुकानांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. एका माणसाची पुढची वाट त्या दोन शून्यांनी बदलली.

आता त्या श्रोत्याच्या प्रश्नाचं थेट उत्तर. आपण कॅबवाल्याला सवयीने पाच तारे देतो. तीन दिले तर ती तक्रार असते. पेपरातले तीन तारे तसे नसतात. तिथे तीन म्हणजे 'चांगला आहे, काही गाणी मस्त, काही जेमतेम'. चार म्हणजे 'नक्की ऐका'. पाच वर्षातून मोजक्या वेळा. दोनपासून खरी नाराजी सुरू होते. म्हणून मित्रा, तुझ्या अल्बमला तीन मिळाले म्हणजे अपमान झाला नाही. तू कॅबची पट्टी पेपरला लावलीस, एवढंच.

आणखी एक आतली गोष्ट. मथळा सहसा समीक्षक लिहीत नाही, डेस्कवरचा उपसंपादक लिहितो. मार्कांवरही संपादकाशी चर्चा होऊ शकते. 'पिचफोर्क'मध्ये तर आकडा लेखक आणि संपादक मंडळी मिळून ठरवायचे. त्यामुळे मथळा भडक, लेख सौम्य आणि तारे मधलेच, असं त्रांगडं दिसलं तर लेखावर विश्वास ठेवा.

सरासरीचा घोळ

२००१ पासून 'मेटाक्रिटिक' ही साइट वेगवेगळ्या रिव्ह्यूंचे मार्क गोळा करून १०० पैकी एक आकडा काढते. कल्पना चांगली आहे. पण त्यासाठी सगळ्या पट्ट्या एका पट्टीत बसवाव्या लागतात. चार तारे म्हणजे ८०. ए म्हणजे १००, बी प्लस म्हणजे ८३, बी मायनस म्हणजे ६७. ज्यांनी मार्कच दिले नाहीत त्यांचा लेख वाचून साइटची माणसं आकडा ठरवतात. वर, काही प्रकाशनांना जास्त वजन असतं. कोणाला किती, ते साइट सांगत नाही.

वजन बाजूला ठेवा, साधी सरासरी घ्या. दोन काल्पनिक अल्बम समजा.

पहिला अल्बम: चार तारे, तीन तारे, बी प्लस आणि ७.२. म्हणजे ८०, ६०, ८३ आणि ७२. बेरीज २९५.

दुसरा अल्बम: पाच तारे, ए, दोन तारे आणि ५.५. म्हणजे १००, १००, ४० आणि ५५. बेरीज पुन्हा २९५.

दोघांची सरासरी ७३.७५. स्क्रीनवर दोन्हीकडे ७४ दिसणार. पण पहिला अल्बम सगळ्यांना ठीकठाक वाटलाय आणि दुसऱ्याने लोकांची दोन गटांत फाळणी केलीय. तुम्हाला कुठला ऐकावासा वाटेल? मला दुसरा. ज्या अल्बमवर जाणकार भांडतात त्यात काहीतरी असतं. रेडिओहेडच्या 'किड ए'चं २००० साली असंच झालं. 'पिचफोर्क'ने १०.० दिले आणि ब्रिटनच्या 'मेलडी मेकर' साप्ताहिकाने पाचपैकी दीड तारा. पुढे तोच अल्बम दशकातल्या सर्वोत्तम अल्बमांच्या याद्यांमध्ये वर जाऊन बसला. सरासरीने हे भांडण दाखवलंच नसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर मीन बघितला, व्हेरिअन्स बघायचा राहिला.

एकदा असा आकडा तयार झाला की लोक त्यावर पैशांचे निर्णय घेतात. गेमिंगमधलं उदाहरण तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. 'फॉलआउट: न्यू वेगास' बनवणाऱ्या ऑब्सिडियन या स्टुडिओला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस मिळणार होता. मिळाले ८४. बोनस गेला. एका गुणाने!

समीक्षक चुकतात का?

चुकतात की. आणि ते छापील असल्यामुळे कायम शिल्लक राहतं.

जून १९६७. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला, जग वेडं झालं. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या विशीतल्या समीक्षकाने लिहिलं की हा अल्बम लाडावलेला आहे, चमत्कृतींनी भरलाय, आत फारसं काही नाही. शेवटचं गाणं मात्र त्याने वाखाणलं. वाचकांच्या संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. पुढे त्याने सांगितलं की तेव्हा त्याच्या स्टीरिओचा एक स्पीकर नादुरुस्त होता. म्हणून सांगतो, मत देण्याआधी हेडफोनचे दोन्ही कान चालू आहेत का ते बघा.

पण एक गंमत आहे. तो अल्बम म्हणजे नुसती सजावट आहे, असं म्हणणारे आजही भेटतात. म्हणजे गोल्डस्टीन सपशेल चुकला असंही नाही. एकटा पडला, हे नक्की.

'पिचफोर्क'ने २०२१ मध्ये आपल्याच १९ जुन्या रिव्ह्यूंचे मार्क बदलून दाखवले. लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमचे ०.० चे ६.० झाले. डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'चे ६.४ चे थेट १०. यातून मला एवढंच कळतं की रिव्ह्यू हा निकाल नसतो. त्या आठवड्यात, त्या माणसाला, तो अल्बम कसा वाटला याची ती नोंद असते. नोंद म्हणून ती मोलाची असते, मग मार्क पुढे बदलले तरी.

धमक्या आणि टोपणनावं

आता जरा गंभीर गोष्ट. २०२४ मध्ये टेलर स्विफ्टचा नवा अल्बम आला तेव्हा अमेरिकेतल्या 'पेस्ट' मासिकाने रिव्ह्यू लेखकाच्या नावाशिवाय छापला. कारण त्यांनीच सांगितलं. २०१९ च्या तिच्या अल्बमवर लिहिणाऱ्याला मारहाणीच्या धमक्या आल्या होत्या. त्याआधी २०२० मध्ये 'फोकलोर'ला 'पिचफोर्क'ने १० पैकी ८ दिले, तर काही चाहत्यांनी लिहिणारीचा पत्ता आणि फोन नंबर इंटरनेटवर पसरवला. आठ! दहापैकी आठ मिळाले म्हणून!

दुसऱ्या बाजूने नोकऱ्याच कमी होत चालल्यात. जानेवारी २०२४ मध्ये 'पिचफोर्क' त्याच्या मालक कंपनीने 'जीक्यू' या पुरुषांच्या मासिकात विलीन करून टाकलं आणि बऱ्याच जणांना घरी पाठवलं. स्थानिक पेपरांमधून पूर्णवेळ संगीत समीक्षक कधीच गेले. ज्याला पगार नाही, संरक्षण नाही आणि फोनवर धमक्या येतात, तो मोठ्या स्टारला दोन तारे द्यायची हिंमत का करेल? गोड बोलणं स्वस्त आणि सुरक्षित. मग सगळ्यांचेच मार्क वर जातात आणि मार्कांचा अर्थ उरत नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे संगीतावर लिहायची परंपरा जुनी आहे, फक्त ती अल्बमची नाही, मैफलीची आहे. केशवराव भोळे 'एकलव्य' या टोपणनावाने आपल्या काळातल्या गायकांवर मराठीत लिहायचे. ते स्वतः संगीतकार होते, त्यामुळे गवयाची ताकद आणि खोड दोन्ही नेमकी पकडायचे. मोहन नाडकर्णी यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त कित्येक दशकं शास्त्रीय मैफलींवर लिहिलं. यात तारे कुठेच नाहीत. काल रात्री रंगलेल्या यमनला पाचपैकी किती, असा प्रश्न विचारला असता तर श्रोत्यांनीच हाकलून दिलं असतं.

पण नव्या मराठी अल्बमांचं काय? पेपरात जे येतं ती बहुतेक करून बातमी असते किंवा मुलाखत. गाणं आलं, व्हायरल झालं, इतके व्ह्यूज मिळाले. पुण्यातल्या माझ्या एका मित्राने दोन वर्षं खपून सहा गाण्यांचा मराठी अल्बम केला. ऑफिस सांभाळून, रात्री रेकॉर्डिंग करून. प्रतिसाद काय मिळाला? स्ट्रीम्सचा एक आकडा आणि खाली 'भावा आग लावलीस'. तो मला म्हणाला, "अरे, तिसरं गाणं लांबलंय का, एवढं तरी कोणी सांगा ना! मला ते करतानाच शंका होती." त्याला तारे नको होते. पूर्ण अल्बम क्रमाने ऐकलेला एक माणूस हवा होता, ज्याचा त्यात कुठलाही फायदा नाही आणि जो खरं बोलेल.

माझ्या मते समीक्षकाचं काम एवढंच आहे. अल्गोरिदम हे करू शकत नाही. तुम्ही गाणं किती सेकंदांनी बदललंत हे त्याला कळतं, का बदललंत ते कळत नाही. आणि वीस वर्षांनी कोणाला आजचा मराठी स्वतंत्र संगीताचा काळ कसा होता हे शोधायचं असेल, तर व्ह्यूजच्या आकड्यातून काय हाती लागणार?

मग रिव्ह्यू वाचायचा कसा?

थोडक्यात सांगतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक, तारे शेवटी बघा. आधी लेख वाचा आणि स्वतः अंदाज करा की याने किती दिले असतील. अंदाज चुकला तर का चुकला ते बघा.

दोन, पट्टी ओळखा. त्याच पेपरचे दहा-बारा रिव्ह्यू चाळले की तिथे तीन म्हणजे काय ते कळतं.

तीन, पेपरपेक्षा माणूस धरा. एक समीक्षक निवडा आणि त्याला सलग वाचा. त्याची आवड तुमच्याशी जुळलीच पाहिजे असं नाही. ती स्थिर असली की झालं. मला एक समीक्षक असा माहीत आहे, ज्याने 'फार संथ' म्हटलं की मी तो अल्बम लगेच डाउनलोड करतो.

चार, सरासरीचा आकडा दिसला की त्यातले सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी मार्क देणारे असे दोन रिव्ह्यू उघडा. मधले सोडून दिले तरी चालेल.

पाच, तारीख बघा. रिलीजच्या दिवशीच आलेला रिव्ह्यू किती वेळा ऐकून लिहिला असेल याचा विचार करा. महिन्याभराने लिहिलेला मिळाला तर तो आधी वाचा.

आता तुमच्यासाठी काम. या आठवड्यात एक मराठी अल्बम घ्या. सिनेमाचा चालेल, स्वतंत्र असेल तर उत्तमच. शफल बंद करा, क्रमाने ऐका, निदान तीन वेळा. आणि मग १५० शब्द लिहा. तारे द्यायचे नाहीत. 'भारी', 'कडक', 'एक नंबर' हे शब्द वापरायचे नाहीत. कुठल्या गाण्यात, कितव्या मिनिटाला, काय झालं ते लिहा. आवडलं नसेल तर तेही लिहा, पण कलाकार समोर बसलाय असं समजून. त्यातले निवडक रिव्ह्यू पुढच्या भागात मी वाचून दाखवेन, आणि ज्या अल्बमवर लिहिलंय त्या कलाकारालाही पाठवेन.

माझा तो पुण्यातला मित्र वाट बघतोय. त्याला अजून कळलेलं नाही, तिसरं गाणं लांबलंय का ते.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि अल्बम पूर्ण ऐका!